दोन रेषा, एक ठिपका: रायफलची दुर्बीण झिरो करताना

रेंजवर नवीन दुर्बीण घेऊन आलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. एक गोळी झाडली, मान वर, टरेट, म्हणजे दुर्बिणीवरची नेम सरकवणारी घुंडी, चार टिक इकडे. आणखी एक गोळी, मान वर, टरेट सहा टिक तिकडे. अर्ध्या तासात कागदाची चाळण होते आणि कुठलं भोक कधीचं हे त्यालाही सांगता येत नाही. मग तो शेजाऱ्याकडे वळतो, "ही दुर्बीणच खराब असेल का हो?"

हा माणूस एकेकाळी मी होतो. एअर रायफलवर पहिली दुर्बीण बसवली तेव्हा एक अख्खी सकाळ आणि जवळजवळ डबाभर छर्रे असेच गेले. शेवटी पलीकडच्या लेनमधले एक आजोबा उठून आले. त्यांनी माझी दुर्बीण दोन बोटांत धरली आणि हलकेच पिळली. ती रिंगमध्ये चक्क फिरली. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. खिशातून ॲलन की, म्हणजे रिंगचे स्क्रू आवळायची षटकोनी चावी, काढून माझ्यासमोर ठेवली आणि जागेवर जाऊन बसले.

झिरो करणं म्हणजे टरेट फिरवणं, असं सगळे समजतात. प्रत्यक्षात टरेटची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि त्याआधीचं काम नीट झालं असेल तर ती पाच मिनिटांत संपते. म्हणून या लेखातही टरेट जरा उशिराच येईल.

आधी झिरो म्हणजे काय ते

बागेत पाणी घालताना पाइप जमिनीला समांतर धरला तर धार लांबच्या कुंडीपर्यंत पोचत नाही, मध्येच खाली वाकते. कुंडी गाठायची तर पाइपचं तोंड थोडं वर करावं लागतं. गोळीचंही तसंच. बॅरलमधून बाहेर पडल्या क्षणापासून ती खाली यायला लागते. सुरुवातीला सेकंदाला ८०० मीटर वेगाने जाणाऱ्या गोळीला १०० मीटर कापायला साधारण ०.१३ सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती सुमारे ८ सेंटीमीटर खाली येते. पॉइंट टू टू या छोट्या काडतुसाच्या रायफलीची गोळी सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास सुटते. तिला निम्मं अंतर, म्हणजे ५० मीटर, जायलाही याहून जास्त वेळ लागतो आणि ती १२ सेंटीमीटरच्या आसपास खाली येते. वेग कमी म्हणजे हवेत जास्त वेळ, आणि हवेत जास्त वेळ म्हणजे जास्त घसरण. गोळीचं वजन यात थेट येत नाही.

नजर मात्र सरळ जाते. दुर्बिणीतून बघताना डोळ्यापासून लक्ष्यापर्यंत एक सरळ रेषा असते, आणि ती बॅरलच्या चार-पाच सेंटीमीटर वरून निघते, कारण दुर्बीण बॅरलच्या डोक्यावर बसलेली आहे. म्हणजे आपल्याकडे दोन रेषा आहेत. नजरेची सरळ, गोळीची वाकडी, आणि दोघींची सुरुवात वेगळ्या उंचीवरून. झिरो करणं म्हणजे या दोन रेषा आपण ठरवलेल्या एका अंतरावर एका ठिपक्यात आणणं. त्यासाठी नजरेची रेषा किंचित खाली झुकवतात, म्हणजे ती लक्ष्यावर धरताना बॅरलचं तोंड आपोआप किंचित वर होतं. हा कोन फारच बारीक असतो. वरच्या वेगवान गोळीचं उदाहरण घेऊन १०० मीटरचा हिशोब केला तर तो एका अंशाच्या चौदाव्या हिश्शाएवढा येतो.

यातून एक गंमत निघते. गोळी नजरेच्या रेषेच्या खालून निघते, वर चढत तिला एकदा छेदते आणि उतरताना पुन्हा छेदू शकते. त्यामुळे १०० मीटरला झिरो केलेली वेगवान रायफल २५ मीटरवर दीडेक सेंटीमीटर खाली मारते, ५० मीटरच्या आसपास जवळजवळ रेषेवर असते आणि १०० मीटरला बरोबर ठिपक्यात. "लांबचं बरोबर लागतंय आणि जवळचं खाली, हे उलटं कसं?" असं विचारणाऱ्याला हे चित्र कागदावर काढून दाखवलं की शंका फिटते. त्या काळजीने टरेटला हात घालायचा नसतो.

दुर्बिणीच्या पोटात

पुढची मोठी काच लक्ष्याचं चित्र आत आणते, पण उलटं. खगोलाच्या साध्या दुर्बिणीत ते उलटंच राहतं, चंद्राला त्याने फरक पडत नाही. नेमबाजाला मात्र झाड वर आणि मूळ खाली दिसायला हवं, म्हणून मध्ये एका आतल्या नळीत चित्र सुलटं करणारी भिंगं बसवलेली असतात. टरेट म्हणजे या आतल्या नळीला ढकलणारा स्क्रू. वरचा टरेट तिला वर-खाली ढकलतो, बाजूचा डावी-उजवीकडे, आणि समोरून एक स्प्रिंग तिला स्क्रूवर दाबून धरते. एवढाच सगळा खेळ. 'क्लिक' ऐकू येते ती स्क्रूच्या दात्यांची, आणि ती नळी खरोखर तितकीच हलली की नाही हे त्या स्प्रिंगवर अवलंबून असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काचेत दिसणारी फुली, म्हणजे रेटिकल, ही रायफलीपेक्षा खगोलाची देणगी. विल्यम गॅस्कॉइन नावाच्या इंग्रज खगोल अभ्यासकाने १६४० च्या सुमारास दुर्बिणीत नेम धरण्यासाठी अशा खुणेचा वापर केला, आणि ती कल्पना त्याला दुर्बिणीत कोळ्याने विणलेल्या धाग्यावरून सुचली असं सांगतात. धागा लक्ष्याइतकाच स्वच्छ दिसला, कारण तो नेमका भिंग जिथे चित्र पाडतं तिथे होता. ही 'नेमकी तिथे' असण्याची गोष्टही थोड्याच वेळात आपल्याला पुन्हा भेटेल.

बसवणं

सुरुवात करण्याआधी रायफल रिकामी आहे याची खात्री. मॅगझिन काढायचं, बोल्ट, म्हणजे बॅरल मागून बंद करणारा दांडा, उघडायचा, चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, डोळ्याने बघायचं आणि शक्य असेल तर बोट घालूनही. काल आपणच रिकामी केली होती, हे कारण चालत नाही.

मग रिंग आणि बेस. बेस म्हणजे रायफलीवरचा पट्टा, रिंग म्हणजे दुर्बिणीला धरणाऱ्या कड्या. इथे तेलाचा थर राहिला तर दुर्बीण प्रत्येक धक्क्यासरशी केसभर पुढे-मागे सरकते, म्हणून पृष्ठभाग पुसून कोरडे करायचे. बेसचे स्क्रू आधी, रिंगचे नंतर. रिंगचे वरचे स्क्रू मोटारीच्या चाकाचे नट आवळतात तसे, आलटून पालटून आणि थोडे थोडे घट्ट करायचे, म्हणजे दोन्ही बाजूंची फट सारखी राहते. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे वळलात तर दुर्बीण रिंगमध्ये तिरकी फिरते. किती आवळायचं? बऱ्याच रिंगांना दीड ते दोन न्यूटन-मीटर पुरतं, आणि ते हाताला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी असतं. रिंगसोबत आलेल्या कागदावरचा आकडा अंतिम समजायचा आणि टॉर्क रेंच मिळत असेल तर वापरायचा. जोर लावणाऱ्यांनी दुर्बिणीची नळी चेपल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, आणि नळी चेपली की आतली नळी अडकते. मग टरेट टिकटिक करतो आणि काहीच हलत नाही.

पूर्ण आवळण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या.

पहिली, डोळा आणि काच यांतलं अंतर. बहुतेक रायफल-दुर्बिणींना ते ८ ते १० सेंटीमीटर असतं. मॅग्निफिकेशन सगळ्यात जास्त ठेवा, कारण तिथे डोळ्याला जागा सगळ्यात कमी मिळते. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल नेहमीच्या जागी टेकवा आणि मग डोळे उघडा. चित्र कडेपर्यंत पूर्ण दिसलं पाहिजे. काळी कड दिसली तर मान पुढे-मागे करू नका, दुर्बीण पुढे-मागे करा. मान आज सवलत देईल, दहाव्या गोळीला देणार नाही. आणि दुर्बीण फार जवळ राहिली तर जोरदार धक्का देणारी रायफल तुमच्या भुवईवर अर्धचंद्र कोरून जाईल. हा अर्धचंद्र मिरवणारे लोक रेंजवर सापडतात. ते या विषयावर फार मनापासून बोलतात.

दुसरी, फुली सरळ असणं. रायफल स्टँडमध्ये घट्ट धरा, तिच्या बेसवर छोटी स्पिरिट लेव्हल ठेवून ती सपाट करा. वीस-पंचवीस मीटरवर गवंड्याचा ओळंबा टांगा, नाहीतर दोरीला दगड बांधून सोडा. आता दुर्बीण रिंगमध्ये फिरवत फुलीची उभी रेघ त्या दोरीवर आणा. हे काम 'नजरेने' करणारे बहुतेकजण एका बाजूला कलतात, कारण आपली मान कुंद्यावर कललेली असते. दुर्बीण ३ अंश कललेली राहिली तर जवळच्या झिरोला काही कळत नाही. पुढे कधीतरी लांबच्या लक्ष्यासाठी वरचा टरेट फिरवून गोळी १ मीटर वर चढवलीत की ती ५ सेंटीमीटर बाजूलाही जाते, आणि दोष वाऱ्याच्या माथी मारला जातो.

स्प्रिंगच्या एअर रायफलीबद्दल एक सूचना. तिचा आवाज कमी असल्याने तिला सौम्य समजतात, पण आतला जड पिस्टन आधी रायफलीला मागे आणि मग थांबताना झटक्याने पुढे ढकलतो. हा दुहेरी धक्का साध्या दुर्बिणीची भिंगं सैल करू शकतो, म्हणून एअर रायफलसाठीच बनवलेली दुर्बीण घ्या. आणि ती मागे सरकू नये म्हणून रिंगच्या पायाला असलेली पिन बेसवरच्या भोकात अडकवा. ते भोक त्यासाठीच असतं.

डोळ्याची दोन कामं

डोळ्याजवळची काच फिरवता येते. ती लक्ष्य स्पष्ट करण्यासाठी आहे असा समज आहे. ती फुली स्पष्ट करण्यासाठी असते. पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे बघा, सूर्याकडे कधीही नाही. फुली पहिल्या नजरेतच काळी आणि धारदार दिसली पाहिजे. टक लावून बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चुकीची जागाही बरोबर वाटायला लागते. म्हणून एक नजर टाकायची, डोळा फिरवायचा, काच थोडी वळवायची, पुन्हा एक नजर.

दुसरं काम पॅरॅलॅक्सचं. बसमध्ये ड्रायव्हरच्या डावीकडच्या सीटवरून स्पीडोमीटर बघितलाय? काटा ४० वर असला तरी आपल्याला तो वेगळ्याच आकड्यावर दिसतो. काटा आणि आकडे यांच्यात थोडी जागा आहे आणि आपण तिरके बघतोय, म्हणून. दुर्बिणीत फुली हा काटा आणि लक्ष्याचं चित्र म्हणजे आकडे. चित्र नेमकं फुलीच्या पातळीवर पडलं, त्या कोळ्याच्या धाग्यासारखं, तर डोळा कुठूनही बघो, फुली लक्ष्यावर चिकटलेली राहते. चित्र थोडं पुढे किंवा मागे पडलं की डोळा हलेल तशी फुली लक्ष्यावर पोहायला लागते.

तपासणं सोपं आहे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवा, तिला हात न लावता फक्त डोकं किंचित वर-खाली करा. फुली सरकली तर बाजूचा किंवा पुढचा फोकस फिरवून ती थांबवा. त्यावर छापलेल्या मीटरच्या आकड्यांपेक्षा या चाचणीवर विश्वास ठेवा. काही दुर्बिणींना हा फोकस नसतोच, त्या एका अंतरासाठी कारखान्यातच पक्क्या केलेल्या असतात. मोठ्या रायफलींच्या बऱ्याचदा १०० यार्ड किंवा मीटरसाठी, पॉइंट टू टूच्या ५० च्या आसपास. अशा वेळी गाल दर वेळी त्याच जागी टेकवणं हा एकच उपाय उरतो.

पहिली गोळी कागदावर तरी लागू दे

नव्या दुर्बिणीने थेट १०० मीटरवर सुरुवात करणं म्हणजे आधी कळस, मग पाया. गोळी कागदाबाहेर गेली तर ती कुठल्या बाजूला गेली हेही कळत नाही. सुरुवात २५ मीटरवर करा, एअर रायफल असेल तर १० वर.

ज्या रायफलीचा बोल्ट काढता येतो तिच्यात त्याही आधी फुकटात एक काम होतं. बोल्ट काढा, रायफल पिशव्यांवर पक्की ठेवा आणि मागून बॅरलच्या आरपार बघा. २५ मीटरवरचा मोठा काळा गोल बॅरलच्या गोलाच्या बरोबर मध्ये येईपर्यंत रायफल हलवा. मग रायफलीला धक्का न लावता दुर्बिणीत बघा आणि टरेट फिरवून फुली त्याच गोलावर आणा. इतक्याने पहिली गोळी कागदावर येतेच येते. लेझरची उपकरणंही हेच करतात. बॅरलमध्ये घालायचं लेझर वापरलंत तर गोळी भरण्याआधी ते काढलंय याची दोनदा खात्री करा. बॅरलमध्ये काही अडकलेलं असताना गोळी झाडली तर बॅरल फुटू शकतं.

टरेट: कुठे फिरवायचा आणि किती

दिशेचा गोंधळ सगळ्यांचा होतो. टरेटवर 'अप' आणि बाण असतो. वर काय जाणार, फुली की गोळी? गोळी. बाण नेहमी गोळीबद्दल बोलतो. गोळी खाली लागतेय तर 'अप', उजवीकडे लागतेय तर 'लेफ्ट'. आत काय होतं ते समजून घेतलं की पुन्हा विसरत नाही. 'अप' फिरवलं की फुली लक्ष्याच्या खाली सरकते. तुम्हाला ती परत लक्ष्यावर आणायची असते, म्हणून तुम्ही नकळत बॅरल थोडं वर करता. गोळी वर जाते ती तुमच्या हाताने.

आता किती. टरेट सेंटीमीटर मोजत नाही, तो कोन मोजतो. सगळा घोळ इथेच असतो. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला, म्हणजे २१,६०० कला. अशी एक कला म्हणजे नेमबाजांचा एक एमओए. डोळ्यापासून निघालेल्या दोन रेषांमध्ये एवढा कोन असेल तर १०० मीटरवर त्या एकमेकींपासून २.९ सेंटीमीटर लांब असतात. यार्डात मोजणारे १०० यार्डला १ इंच धरतात, खरा आकडा १.०४७ आहे, पण झिरोसाठी फरक पडत नाही. बऱ्याच टरेटवर एका क्लिकला पाव एमओए लिहिलेलं असतं, म्हणजे १०० मीटरवर साधारण ७.३ मिलिमीटर.

दुसरी पद्धत मिलची. मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग. १०० मीटरवर १० सेंटीमीटर, आणि क्लिक सहसा ०.१ मिलची, म्हणजे १०० मीटरवर बरोबर १ सेंटीमीटर. मीटर-सेंटीमीटरमध्ये वाढलेल्या माणसाने मिलची दुर्बीण घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, हिशोब तोंडी होतो. इंचात विचार करणाऱ्यांना एमओए सोयीचं. यातलं कुठलंच दुसऱ्यापेक्षा 'अचूक' नाही, या वादात पडू नका. एवढंच बघा की फुलीवरच्या खुणा आणि टरेट एकाच मापात आहेत. फुली मिलची आणि टरेट एमओएचा अशी जोडी गळ्यात पडली तर प्रत्येक वेळी ३.४४ ने गुणत बसावं लागतं.

कोन म्हटला की अंतर आलं. तीच एक क्लिक निम्म्या अंतरावर निम्मंच सरकवते. पाव एमओएची क्लिक ५० मीटरवर ३.६ मिलिमीटर आणि २५ मीटरवर जेमतेम १.८ मिलिमीटर. समजा ५० मीटरवर तुमच्या गोळ्या ६ सेंटीमीटर खाली आणि अडीच सेंटीमीटर उजवीकडे लागल्या. पाव एमओएचा टरेट असेल तर ६० भागिले ३.६, म्हणजे १६-१७ क्लिक वर, आणि २५ भागिले ३.६, म्हणजे ७ क्लिक डावीकडे. ०.१ मिलचा असेल तर ५० मीटरवर एक क्लिक ५ मिलिमीटरची, म्हणून १२ वर आणि ५ डावीकडे. १०० मीटरचा आकडा डोक्यात ठेवून २५ मीटरवर क्लिक मोजणारा माणूस चौपट कमी फिरवतो आणि "टरेट कामच करत नाही" म्हणतो. नाचता येईना, अंगण वाकडं.

टरेट शेवटाला भिडला आणि गोळी अजून खालीच लागतेय, असंही होतं, विशेषतः मधून मोडून भरायच्या एअर रायफलीत, कारण त्यांचं बॅरल बऱ्याचदा बेसच्या मानाने थोडं खाली झुकलेलं असतं. तिथे जोर लावून स्क्रू पिळू नका. मागच्या बाजूला किंचित उंच असा उताराचा बेस मिळतो, तो लावा. लांब पल्ल्याच्या रायफलींवर २० एमओए उताराचा बेस लावतात तो याच कारणासाठी.

एका भोकावर विश्वास ठेवू नका

मला विचाराल तर झिरो करण्यातला सगळ्यात अवघड भाग हाच, आणि यात हत्याराचा काही संबंध नाही. कुठलीही रायफल एकाच भोकात सगळ्या गोळ्या घालत नाही. त्या एका पुंजक्यात पडतात. पहिली गोळी त्या पुंजक्यात कुठेही पडलेली असू शकते, वरच्या कडेला, खालच्या कडेला, मध्ये. त्या एका गोळीवरून टरेट फिरवला तर तुम्ही पुंजक्याचं केंद्र नव्हे, त्याची एक कड ठिपक्यावर आणली. पुढची गोळी दुसऱ्या कडेला पडली की परत उलटं फिरवता. लेखाच्या सुरुवातीचा तो माणूस नेमकं हेच करत होता, आणि मी त्याच्या जोडीला सैल रिंगही लावली होती.

म्हणून २५ मीटरवर एखाद-दुसऱ्या गोळीवर ढोबळ दुरुस्ती चालेल, पण खऱ्या अंतरावर गेल्यावर टरेटला हात न लावता पाच गोळ्या झाडायच्या. नेम दर वेळी त्याच ठिपक्यावर, आधीची भोकं कुठेही असोत. मग पाचही भोकांचं मध्य काढायचं. प्रत्येक भोक उभ्या रेघेपासून किती लांब ते मोजा, उजवीकडची अधिक, डावीकडची उणे, बेरजेला पाचाने भागा. आडव्या रेघेचंही तसंच. जे येईल तेवढीच दुरुस्ती. पुन्हा पाच. बहुतेक वेळा दुसऱ्या फेरीत काम होतं.

एक गोळी पुंजक्यापासून लांब पडली तर तिला मोजायचं का? ट्रिगर दाबताक्षणी, कागद बघण्याआधी, "ही गेली" असं तुम्हाला जाणवलं असेल तर सोडून द्या. कागद बघितल्यावर ती नकोशी वाटली असेल तर मोजा. आणि पुंजकाच ३ सेंटीमीटरचा असेल तर ४-५ मिलिमीटरच्या फरकासाठी टरेट फिरवू नका. पुढच्या पाच गोळ्यांचं केंद्र तेवढं सहज इकडेतिकडे होतं.

पुंजका स्वच्छ यायचा तर रायफल पुढच्या लाकडी भागावर, मऊ पिशवीवर टेकलेली हवी. बॅरल पिशवीवर टेकवलं किंवा लाकूड थेट टणक फळीवर ठेवलं तर गोळी निघताना रायफल वेगळीच उडते आणि केंद्र सरकतं. स्प्रिंगच्या एअर रायफलीला तर घट्ट पकडच मानवत नाही. तिला तळहातावर सैल झोपवायचं आणि धक्क्यासरशी हवी तशी हलू द्यायचं.

वारा, उष्णता आणि बाकीचे घुसखोर

वाऱ्यात झिरो केलं तर वारा झिरोमध्ये शिरतो. आज डावीकडून झुळूक आहे, पॉइंट टू टूची गोळी ५० मीटरवर सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर उजवीकडे जातेय, तुम्ही तेवढं डावीकडे फिरवलं. उद्या वारा पडला की रायफल डावीकडे मारते. शक्यतो सकाळी लवकर, हवा स्थिर असताना हे काम उरका. ते जमत नसेल तर वर-खालीचं पक्कं करा आणि डावं-उजवं दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

बॅरल तापलं की पुंजका पसरतो किंवा सरकतो, आणि वर चढणाऱ्या गरम हवेने लक्ष्य लाटेसारखं डोलायला लागतं. पाच गोळ्यांनंतर बोल्ट उघडा ठेवून थांबा. गोळी बदलली, अगदी त्याच वजनाची पण वेगळ्या कंपनीची किंवा वेगळ्या बॅचची, तरी झिरो बदलू शकतो. म्हणून ज्या काडतुसांनी पुढे नेम धरायचा त्यांनीच झिरो करायचं. स्वस्तातली संपवून टाकू, हा विचार इथे महाग पडतो. बॅरल साफ केल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन गोळ्याही वेगळ्या जाऊ शकतात, त्या हिशोबात धरू नका.

टरेट खरं बोलतोय का

आतल्या नळीला दाबून धरणाऱ्या त्या स्प्रिंगकडे आता परत येऊ. ती कमजोर असेल तर क्लिक वाजते, नळी लगेच हलत नाही, आणि दोन गोळ्यांच्या धक्क्यानंतर अचानक जागेवर येते. अशा दुर्बिणीचा माणूस दुरुस्ती करतो, परिणाम दिसत नाही म्हणून आणखी फिरवतो, आणि मग दोन्ही एकदम लागू होतात.

पकडायची पद्धत अशी. झिरो झाल्यावर उंच कागद लावा, खाली एक ठिपका काढा आणि त्यातून ओळंब्याने एक उभी रेघ वर ओढा. ठिपक्यावर नेम धरून तीन गोळ्या. मग १०० मीटरवर टरेट बरोबर ५ मिल वर फिरवा, नेम त्याच ठिपक्यावर धरून आणखी तीन. दुसरा पुंजका पहिल्याच्या ५० सेंटीमीटर वर, आणि त्या उभ्या रेघेवर पडला पाहिजे. ४७ सेंटीमीटरवर पडला तर टरेट कमी हलतोय, तेवढं प्रमाण वहीत लिहून ठेवा. रेघेच्या बाजूला सरकला तर फुली कललेली आहे, ओळंबा परत काढा. शेवटी टरेट ५ मिल खाली आणून तीन गोळ्या, त्या पहिल्या पुंजक्यातच मिसळल्या पाहिजेत. न मिसळणारी दुर्बीण कितीही स्वच्छ दिसत असली तरी मी ठेवत नाही.

सगळं जमलं की टरेटच्या टोपीचे बारीक स्क्रू सैल करा, टोपी फिरवून शून्याची रेघ खुणेवर आणा आणि स्क्रू पुन्हा घट्ट करा. यात आतला स्क्रू हलत नाही, फक्त आकडे हलतात. अंतर, काडतूस, तापमान आणि तारीख वहीत. काही दिवसांनी परत याल तेव्हा थंड बॅरलमधून निघालेली पहिली गोळी कुठे लागली ते वेगळं टिपा. काही रायफलींची ती पहिली गोळी दर वेळी एकाच बाजूला जाते आणि मग ती चूक राहत नाही, सवय होते.

आणखी एक काम माझ्या यादीत त्या आजोबांमुळे आलं. रिंग आणि दुर्बिणीची नळी जिथे भेटतात तिथे दोघींवरून जाणारी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवतो. गाडीतून नेताना रायफल आपटली, कुणाच्या हातून पडली किंवा नुसत्या गोळ्यांच्या धक्क्याने दुर्बीण सरकली, तर ती रेघ तुटलेली दिसते. तशी दिसली की त्या दिवशी टरेटला हात लावायचा नाही, आधी ॲलन की काढायची.